नवमीच्या सांजीतले डोळे

मेलेल्या बाईचा मत्सर करण्याइतकी मी मूर्ख आहे, हे लग्नाआधी मला ठाऊक नव्हतं. सवत जिवंत असती तर भांडले असते, तिच्या भाजीला नावं ठेवली असती, नवऱ्याकडे तिच्या चहाड्या केल्या असत्या. पण माझी सवत मी या घरात येण्याआधीच तापाच्या साथीत गेलेली. तिच्या चुका तिच्याबरोबर गेल्या आणि गुण तेवढे मागे राहिले. गुण राहिले आणि तिने कातरलेले कागद राहिले. त्या कागदांपायी एका वर्षी माझा या घरातला ठाव सुटायची वेळ आली होती, आणि तेव्हा गोपाळकृष्णाने मला हात दिला, असं मी मानते. तो हात देवाचा होता की नुसता योगायोग, हे मला कुणाला पटवून द्यायचं नाही. घडलं तसं सांगते.

आमचं घर परभणीच्या जुन्या वस्तीत, गोपाळकृष्णाच्या देवळाला लागून. पूजा पिढीजात आमच्याकडे. भाद्रपदाची पौर्णिमा उलटली की सगळीकडे पितरांचा पंधरवडा सुरू होतो; आमच्या देवळात त्याच पंधरवड्यात रोज संध्याकाळी सांजी मांडतात. ही रीत मथुरा-वृंदावनाकडची. सासऱ्यांच्या तरुणपणी तिकडचा एक गोसावी पायी रामेश्वराला निघाला होता, तो आजारी पडून आमच्या ओसरीवर राहिला आणि बरा झाल्यावर जाताना ही विद्या देऊन गेला. जाड कागदात बारीक कातरीने कृष्णाच्या लीला कातरायच्या. एका रंगाला एक कागद, त्याला खाका म्हणायचं. सारवलेल्या चौथऱ्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा थर द्यायचा, त्यावर एकेक खाका ठेवून फडक्यातून रंगाची पूड चाळायची. पिवळ्याचा खाका उचलला की पीतांबर दिसतो, हिरव्याचा उचलला की कदंबाची पानं. देवाच्या मुखाचा खाका सगळ्यात शेवटी. तो उचलेपर्यंत पुढे बसलेल्या बायका श्वास रोखून असतात. मग आरती होते, लोक मन भरेस्तोवर बघतात, आणि शेजारतीच्या आधी सांजी पुसून टाकायची. दुसऱ्या दिवशी दुसरी लीला.

हे सगळे खाके थोरलीने कातरलेले. थोरली म्हणजे माझी सवत. घरात तिला सगळे याच नावाने बोलवायचे. सासऱ्यांच्या हाताखाली शिकून ती त्यांच्याही पुढे गेली, असं सासरे स्वतः म्हणत, असं सांगतात. आमच्या यांच्या हातात कातर दिली तर गाय आणि गाढव ओळखू येणार नाही, त्यामुळे यांनी कधी त्या वाटेला जाण्याचा विचारच केला नाही. हे फक्त रंग चाळायचे. पण खाके पेटीतून काढायचे ते स्नान करून, सोवळ्यात, दोन्ही हातांच्या तळव्यांवर झेलून. इतक्या हळुवारपणे यांनी माझा हात कधी धरला नव्हता. मी खांबाला टेकून बघायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. देवाच्या समोर उभं राहून मी देवाकडे बघतच नव्हते, यांच्या बोटांकडे बघत होते.

मी पेडगावची, मारुतीच्या पुजाऱ्याची मुलगी. लग्नात मंगळसूत्राबरोबर माझ्या गळ्यात थोरलीचा टाक बांधला. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बाईची लहानशी आकृती. दुसरेपणावर दिलेल्या बायकोने पहिलीला असं गळ्यात वागवायचं, आणि रोज आधी तिला हळदकुंकू लावून मग स्वतःला लावायचं. मी लावायचे. बोट जरा जोरातच टेकायचे, पण लावायचे. सांजीच्या दिवसांत माझ्याकडे रंगांचं काम होतं. हळद, गुलाल, नीळ, कोळशाची पूड, कडुनिंबाचा वाळवलेला पाला असं सगळं कुटायचं, वस्त्रगाळ करायचं, पण खाक्याला हात लावायचा नाही. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या दारातच बसून असायच्या. "लांबून गं, लांबून. थोरलीचा हात हाय तो," असं म्हणायच्या. मग मी इरेला पेटून निजामी अमलातले जुने उर्दू अखबार आणायचे आणि स्वयंपाकघरात, कुणी नसताना, माझ्या घरकामाच्या कातरीने वेली कातरायचे, गाई कातरायचे, मोर कातरायचे, आणि चूल पेटवताना तेच घालायचे. एकदा आत्याबाईंनी बघितलं. त्यांनी माझी गाय हातात धरून उजेडाकडे केली आणि म्हणाल्या, "अखबाराची गाय दूध देती का गं?" गाय बरी कातरली होती, हे त्यांना दिसलं होतं. म्हणून तर बोलल्या.

ज्या वर्षाची ही गोष्ट, ते दुसऱ्या मोठ्या लढाईचं वर्ष होतं. घासलेट मिळेना, कागद तर दिसेनासाच झाला. माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं, त्यामुळे मी घरात जरा चवड्यावरच चालायचे. अष्टमीची सांजी झाली, रात्र पडली होती, आणि उद्याच्या नवमीचे खाके बघून ठेवावेत म्हणून यांनी पेटी उघडली. नवमीला आमच्याकडे कदंबाखाली उभा मुरलीधर मांडतात. थोरलीच्या सगळ्या कामात हे नावाजलेलं. आणि पितरांच्या पंधरवड्यातली नवमी म्हणजे अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचा दिवस. त्या दिवशी तिच्या नावाने सवाशीण जेवू घालतात. म्हणजे थोरली गेल्यापासून दुपारी तिचं ताट आणि संध्याकाळी तिचाच मुरलीधर. वर्षातला तो एक दिवस मी दात आवळून काढायचे.

यांनी मुखाचा खाका तळव्यावर घेतला आणि त्याचे डोळे खाली पडले. हे नीट सांगायला हवं. मुखाचा खाका म्हणजे कागदात मुखाच्या आकाराची मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत डोळ्यांचे दोन कागदी तुकडे, केसाएवढ्या बारीक जोडांनी कडेला धरून ठेवलेले. त्या तुकड्यांखाली रंग पडत नाही, तेवढं पीठ पांढरं राहतं, आणि तेच देवाचे डोळे होतात. ते जोड तुटले होते. हे घाबरून कागद सावरायला गेले तर कपाळाची कड, गालाची कड, सगळं पापडासारखं तुटून हातात आलं. बाकीचे खाके धड होते. मुकुटाचा, केसांचा, कुंडलांचा, माळेचा, सगळे जसेच्या तसे. नेमकं मुख तेवढं गेलं होतं.

आत्याबाईंनी त्या तुकड्यांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"कातर घिऊन कोन बसतंय ह्या घरात?"

"आत्याबाई, मी न्हाई केलं. गोपाळकृष्णाची आण."

"देवाचे डोळे काढायचे आन् देवाचीच आण खायची!" त्या यांच्याकडे वळल्या. "उद्या थोरलीचं ताट वाढायचं, आन् तिचा देव आंधळा. उद्या सांजी झाली न्हाई तर हिला पेडगावला धाडून दे. मला हिचं तोंड नगं."

मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "बघू."

एवढंच म्हणाले. हे चिडले असते, मला मारायला धावले असते, तरी चाललं असतं. पण 'बघू' म्हणजे यांना शक आला होता. खाक्याला मी बोटही लावलेलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. पण गेली चार वर्षं प्रत्येक नवमीला तो कागद जळून जावा असं मनात आणलं होतं, तेही मला पक्कं माहीत होतं, आणि माझ्या तोंडावर ते दिसत असणार. मी तशीच देवळात गेले. गाभाऱ्यात समई होती. मी देवाला म्हटलं, तू बघितलंयस ना, मग तूच सांग त्यांना. देव मुरली धरून उभा. मला त्याचाही राग आला. तूसुद्धा तिचाच, असं मी त्याला तोंडावर म्हणाले, आणि हे म्हणणारी बाई परत इथे पूजेची फुलं कशी आणणार, हे मला कळेना.

सकाळी उजाडल्यावर घर झाडताना देवघरात पाटावर तो तुटका खाका दिसला. कुणी जवळ नव्हतं. आता आणखी काय बिघडणार, म्हणून मी तो उचलला. चार वर्षांत पहिल्यांदा हातात घेतला. उजेडात धरला तर डोळ्यांच्या जागेभोवती, कपाळाच्या कडेला, लालसर डाग. एकावर एक, वर्षानुवर्षांचे. बोटाच्या ठशांसारखे. मी वास घेतला. कुंकू होतं. ओलं करून लावलेलं कुंकू, त्याखाली हळद. त्या ओलीने आणि कुंकवातल्या खाराने तो कागद थोडा थोडा कुजत आला होता.

आत्याबाई विधवा, त्या कुंकवाला हात लावत नव्हत्या. मी लावलं नव्हतं. घरात तिसरं माणूस एकच होतं.

हे मागच्या आडावर पाणी शेंदत होते. मी कागद पुढे धरला. "हे कुंकू कुणी लावलं?"

पोहरा परत आडात गेला. हे कागदाकडे बघत आडाच्या कठड्यावरच बसले. "दरसाल लावायचो," म्हणाले. "नवमीची सांजी पुसली की, पेटीत ठेवायच्या आधी. तिच्या नावानं. टाकाला तू लावतीस. मी कुठं लावायचं?"

मग एकाएकी त्यांच्या ध्यानात आलं. "म्हंजी... हे मीच..."

"हां, तुमीच," मी म्हणाले.

मी सुटले होते. माझ्यावरचा आळ खोटा ठरला होता, आणि तोही यांच्याच तोंडाने. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या कठड्याजवळ उभी असताना माझ्या छातीत जे पेटलं, ते आधीच्या चार वर्षांत कधी पेटलं नव्हतं. आजवर मला वाटायचं, आत्याबाईंच्या तोंडी थोरली, गावाच्या तोंडी थोरली, पण हे निदान माझे आहेत. हे दर वर्षी, मी आत भांडी घासत असताना, एका कागदाच्या डोळ्यांना कुंकू लावत होते. इतकं लावत होते की कागद कुजला. मी म्हणाले, "आता आत्याबाईंना तुमीच सांगा, आन् देवाचे डोळेबी तुमीच काढा. मला कुनी धाडायची गरज न्हाई, मीच पेडगावला निघते."

आणि मी खरंच गाठोडं बांधलं. स्वयंपाक मात्र करून जाणार होते. सवतीच्या नावाचा असला तरी पुरणाचा स्वयंपाक अर्ध्यावर टाकून जाणं माझ्या जिवावर आलं असतं. पुरण वाटताना मी रडत होते आणि पाटा जरा जास्तच आपटत होते.

त्यातच ज्या शेजारणीला सवाशीण म्हणून सांगितलं होतं तिच्याकडे सुतक आल्याचा निरोप आला. नवमीच्या दिवशी ऐनवेळी सवाशीण कुठे मिळणार? प्रत्येकीला आधीच बोलावणं असतं. हे गल्लीत फिरून हात हलवत परत आले, आणि देवळात शिरले तर सभामंडपात एक बाई बसलेली. कपाळभर कुंकू, डोईवर पदर, पायाला धूळ. हे तिलाच घेऊन आले.

"कुनाची गं तू?" आत्याबाईंनी उंबऱ्यातूनच विचारलं.

"पालमकडची. मेंढरं हाईत आमची. मालकाला पोटाचं लय दुखनं झालंय, हितं सरकारी दवाखान्यात घातलंय. डागदर म्हनले बाहीर बस. मंग देवाला इचारायला आले, कसं करायलायस बाबा म्हनून."

एरवी आत्याबाईंनी तिला ओसरीच्या आत घेतलं नसतं. पण सूर्य डोक्यावर आला होता आणि थोरली उपाशी राहणार होती. "सवाशीण हाय न्हवं? ये," म्हणाल्या.

आमच्या घरची रीत अशी की नवमीला जेवायला येईल त्या सवाशिणीला थोरली म्हणूनच हाक मारायची. मी तिचे पाय धुतले, हळदकुंकू लावलं, ओटी भरली आणि वाकून म्हटलं, "थोरल्या बाई, जेवा." हे शब्द त्या दिवशी मी दातांतून चावून काढले. ती बाई मात्र मनापासून जेवली. मान खाली घालून, पुरणपोळीचा एकेक घास नीट चावून, डोळ्यांच्या पापण्या अर्ध्या मिटून. मध्येच थांबून तिने विचारलं, "मालकाला एक पोळी नेली तर चालंल का?" मी पानात चार गुंडाळल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आन् तुमी कव्हा खानार? लय रडलाव वाटतं."

कालपासून त्या घरात मला कुणी एवढंही विचारलं नव्हतं. तिला पाणी वाढून आत गेले आणि तोंडात पदर कोंबून उभी राहिले.

इकडे यांनी वेड लागल्यासारखं एक केलं होतं. मुखाशिवायच सांजी मांडून बघितली होती. कदंब, गाई, पीतांबर, हातातली मुरली, गळ्यातली माळ, कुंडलं, केस, मुकुट, सगळं चौथऱ्यावर उमटलं होतं, आणि मध्ये पांढरं पीठ. हे शेजारी डोकं धरून बसलेले. ती बाई जाता जाता देवाच्या पाया पडायला वळली, मी तिला पोळ्यांचं गाठोडं द्यायला मागून गेले. तिने खाली बघितलं आणि म्हणाली, "कोन काडलं हे? लय भारी हाय."

"मुख राह्यलं ना," हे म्हणाले. "मुखाचा खाका फाटला."

ती बाई वाकली. मेंढरं मोजणाऱ्याच्या नजरेने तिने सगळीकडून नीट बघितलं. "मुखडा तर हाय की हितंच. बाकीच्या रंगायनं जागा धरून ठिवलीया त्येची. निस्तं भरायचं ऱ्हायलंय."

एवढं बोलून, गाठोडं पदराखाली घेऊन ती दवाखान्याच्या वाटेला लागली.

मी बघतच राहिले. खरंच, मुकुट जिथे संपला होता तिथे कपाळ होतं. केस जिथे थांबले होते तिथे गाल होते. कुंडलांच्या मधली आणि माळेच्या वरची जागा म्हणजे हनुवटी. थोरलीने आपले सगळे रंग त्या कडेपर्यंत आणून थांबवले होते. तिने ती जागा माझ्यासाठी सोडली होती, असलं काही मी म्हणणार नाही. तिला बिचारीला माझी काय माहिती? पण चार वर्षं मी म्हणत होते की या घरात तिने माझ्यासाठी बोटभर जागा ठेवलेली नाही. आणि आता तिच्याच मांडणीच्या मधोमध तळहाताएवढी पांढरी जागा होती, ती भरायला तिला येता येत नव्हतं, यांना येत नव्हतं, आणि मला येत होतं. जळता जळता मला हे दिसलं. मी अजून जळतच होते, हे खोटं नाही सांगत.

सासऱ्यांच्या वेळचा, कागजीपुऱ्याचा हातकागद एकच शिल्लक होता. तो यांनी न मागता आणून दिला. बरोबर थोरलीची कातरही पुढे केली. मी ती घेतली नाही. स्वयंपाकघरातली माझी आणली. नवा कागद खाली घातला, त्यावर थोरलीचे मुकुटाचे, केसांचे, कुंडलांचे, माळेचे खाके एकेक करून ठेवले आणि कोळशाची पूड चाळली. सगळीकडे काळं झालं आणि मुखाएवढं कोरं राहिलं. कड मिळाली. राहिले डोळे. थोरलीच्या देवाचे डोळे मुरलीकडे वळलेले असत, तसे काढायला मी तीनदा अखबारावर बघितलं आणि तीनही वेळा देव चोरासारखा दिसायला लागला. एक कागद, एक जोड तुटला की संपलं. मी कातर खाली ठेवली आणि मनातल्या मनात देवाला सांगितलं की बाबा, हा हात मत्सराने कापतोय, भक्तीने नाही. मला दुसरा हात नाही. असाच चालत असला तर घे, नाहीतर तुझं तू बघ. अशी प्रार्थना मी त्याआधी कधी केली नव्हती. त्याआधी मी देवाला नेहमी माझी बाजू सांगायचे.

मग कातर उचलली, आणि बघता बघता माझ्या पुढे आले ते त्या पालमच्या बाईचे डोळे. जेवताना खाली झुकलेले, अर्धे मिटलेले, पोट भरत आलेले. मी तेच कातरले. माझे जोड थोरलीच्या मानाने जाड आले. पण तुटले नाहीत.

मी कातरत असताना यांनी आत्याबाईंना कुंकवाचं सांगितलं. थोड्या वेळाने आत्याबाई आल्या, माझ्या गाठोड्याजवळ बसल्या आणि ते सोडायला लागल्या. "पेडगावला काय हाय?" असं त्या गाठोड्याला उद्देशून म्हणाल्या. "तिथं सांजी हाय का? मारुतीला शेंदूर फासायचा, झालं." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. एकेक लुगडं काढून त्यांनी परत दांडीवर टाकलं. त्यांची माफी एवढीच होती, आणि मला ती पुरली.

संध्याकाळी चौथरा नव्याने सारवून सांजी मांडली. बायका नेहमीप्रमाणे दाटीने बसल्या. यांनी शेवटचा खाका उचलला. देव खाली बघत होता. पूर्वी त्याची नजर मुरलीवर असायची. आता पुढे जमिनीवर बसलेल्या माणसाकडे होती. पहिल्या रांगेत पेठेतल्या एका मारवाडी व्यापाऱ्याची म्हातारी आई बसायची, ती कधी न चुकणारी. तिने हात जोडले आणि म्हणाली, "थोरलीचा हात तो थोरलीचाच. डोळे बघा, जिते वाटतात."

यांनी तोंड उघडलं. "माय, ते डोळे..."

"हां माय," मीच मध्ये बोलले. "थोरल्या बाईंचीच सांजी हाय ती."

का बोलले, मला आजही नीट सांगता येत नाही. मन मोठं झालं होतं असं मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्याचा चांगलाच पस्तावा झाला आणि म्हातारीच्या घरी जाऊन खरं काय ते सांगावं असं वाटलं. पण त्या क्षणी देव माझ्याकडे बघत होता. ते डोळे कुणाचे, हे त्याला माहीत होतं, आणि दुसऱ्या कुणाला माहीत असण्याची मला गरज वाटली नाही. असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

आरती झाली, लोक पांगले, पुसायची वेळ झाली. हे फडकं घेऊन चौथऱ्याशी उभे राहिले. दुसऱ्या हातात कुंकवाची वाटी होती आणि ते माझ्याकडे न बघता उभे होते. आता कागद माझा होता. त्याला लावायचं तर मला विचारावं लागणार, आणि विचारायला त्यांना तोंड नव्हतं. माझ्या मनात आलं, राहू दे उभं. खूप वेळ उभं राहू दे. मी तसं राहूही दिलं. मग मी म्हणाले, "कागदाला नगं. हितं लावा." आणि पिठावरच्या देवाच्या कपाळाकडे बोट केलं.

यांनी वाकून, मी कातरलेल्या त्या मुखाच्या कपाळावर, थोरलीच्या नावाने कुंकू लावलं. माझ्या अंगाची आग आग झाली. मी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि सांजी पुसली.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन दवाखान्यात गेले होते. पालमकडचे बरेच येतात, कोणती बाई म्हणून सांगू, असं तिथल्या माणसाने म्हटलं. तिचं नाव मी विचारलंच नव्हतं. ती घरात होती तोवर मी तिला थोरलीच म्हणत होते. तिचा मालक बरा झाला का, हे मला कळलं नाही. दर नवमीला मी त्याच्यासाठी देवाला सांगते. ती कोण होती, याचा मी फार विचार करत नाही. मेंढरं राखणारी बाई होती, भुकेली होती, आणि तिला दिसलं ते ती बोलली. मला देवाकडून तेवढंच हवं होतं आणि तेवढंच त्याने धाडलं.

माझा मत्सर गेला असं मला लिहिता येत नाही. पंधरवडा लागला की तो येतो, पाहुण्यासारखा ठरल्या दिवशी. फरक इतकाच की पूर्वी मी तो देवापासून लपवत होते, आता त्याला घेऊनच चौथऱ्याशी बसते. माझ्याजवळ देवाला द्यायला शुद्ध असं काही नव्हतं. जे होतं ते त्याने हातात घेतलं आणि त्यातून आपले डोळे काढून घेतले. नवमीला हे वाटी घेऊन येतात, मी पिठावर जागा दाखवते, हे कुंकू लावतात. जीव थोडा जळतो. मग मी पुसते.